धरणाचे पाणी आणि धरणीचा कंप

पावसाळा लागला की कसबा बावड्यात आणि पंचगंगेच्या काठच्या साऱ्या गावांत सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न विचारला जातो : राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट? ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो : राधानगरी किती भरली, वारणा किती भरली, कोयना किती भरली? आणि गेल्या दोन पिढ्यांत या प्रश्नांना आणखी एक शेपूट जोडले गेले आहे. कोयना काठोकाठ भरली आणि एखाद्या रात्री फळीवरची भांडी खणखणली, की चावडीवर कोणीतरी म्हणतोच, "धरण भरलं न्हवं, आता जमीन हलणारच!"

श्रोतेहो, हे म्हणणे खरे आहे काय? माणसाने अडवलेल्या पाण्याने धरणी कापू शकते काय? उत्तर थोडक्यात सांगायचे तर असे : हो, कापू शकते, परंतु सगळ्याच धरणांनी कापत नाही, आणि ज्या धरणामुळे कापते तेही भूकंपाचे बळ आपल्या पदरचे घालीत नाही. हे उत्तर कोणाला गुळमुळीत वाटेल. पण त्याची एकेक बाजू कशी ठरत गेली, याचा इतिहास आपल्या उंबऱ्यापासून शंभर किलोमीटरांच्या आत घडलेला आहे आणि साऱ्या जगाने तो अभ्यासलेला आहे.

आपले वाडवडील म्हणत, पृथ्वी शेषाच्या फण्यावर आहे, तो फणा बदलतो तेव्हा ती हलते. त्यानंतर शाळा आल्या, भूगोल आला आणि भूगोलाच्या पुस्तकाने आपल्याला दुसरी एक गोष्ट शिकवली. हिमालय तरुण आहे, तिकडे भूकंप व्हायचेच. पण दख्खनचे पठार फार जुने, फार घट्ट, तिथे भिण्याचे कारण नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त रस थरावर थर वाहत आला व थिजला, त्याचा हा काळा पत्थर. आपला सह्याद्री, आपले गड, आपल्या विहिरींचे चिरे, सगळे त्यातलेच. अशा पत्थराला काय होणार, असे विद्वानही म्हणत आणि गवंडीही म्हणत.

या भरवशावरच धरणे उभी राहिली, आणि ती उभी राहायला हवीच होती. ज्या कसबा बावड्यात १८७४ साली शाहू महाराजांचा जन्म झाला, त्या गावाला धरणाचे मोल निराळे सांगायला नको. भोगावती अडवून राधानगरीचे तळे करायचे महाराजांनी मनावर घेतले नसते, तर पंचगंगेच्या काठी आज दिसतो तो ऊस दिसला नसता. स्वातंत्र्यानंतर तोच विचार मोठ्या प्रमाणावर पुढे गेला आणि दृष्टी कोयनेकडे वळली.

कोयना नदी महाबळेश्वरी उगम पावते, सह्याद्रीच्या कुशीतून सरळ दक्षिणेला धावते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. त्या वळणाच्या जवळ १०३ मीटर उंचीचे धरण बांधले गेले. त्यामागे ५० किलोमीटरांहून लांब पसरलेल्या जलाशयाला शिवाजीसागर असे नाव मिळाले. त्याचे पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला नेले आणि पोफळीच्या बाजूला शेकडो मीटर खाली सोडले. त्यातून १९६२ सालापासून वीज मिळू लागली. मुंबई-पुण्याचे कारखाने त्या विजेवर चालू लागले, खेड्यांत दिवे आले. या सगळ्याची किंमत ज्यांची गावे व शेते पाण्याखाली गेली त्या लोकांनी मोजली, हेही याच वेळी स्मरले पाहिजे.

तळ्यात पाणी साठू लागले १९६२ च्या सुमारास. त्याच वेळेपासून धरणाच्या आसपासचे लोक सांगू लागले की जमिनीतून सुरुंग उडाल्यासारखा आवाज येतो आणि घर हलते. प्रथम पुष्कळांना वाटले की खरोखरच कोठे सुरुंग उडत असावा. कामे तर चालूच होती. परंतु आवाज थांबेनात. तेव्हा पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने परिसरात भूकंपमापक यंत्रे बसवली. यंत्रांनी दाखवले की हे सुरुंग नव्हेत, लहान-लहान भूकंप आहेत. आणि त्यांची गर्दी तळ्याच्या परिसरातच आहे. शास्त्रज्ञांनी ही गोष्ट मोठ्या अनर्थाच्या आधीच नोंदवली होती. श्रोत्यांपैकी जे शिक्षक असतील त्यांनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. खेडूत माणसाच्या कानाने जे प्रथम ऐकले, तेच पुढे यंत्राने पक्के केले.

१९६७ सालच्या पावसाळ्यात तळे चांगले भरले आणि बराच काळ भरलेले राहिले. सप्टेंबरच्या १३ तारखेला एक मोठा धक्का बसला. त्यानंतर ११ डिसेंबर, सोमवार, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे. माणसे गाढ झोपेत, थंडीचे दिवस, दारे लावलेली. त्या वेळी जो भूकंप झाला त्याची तीव्रता ६.३ मानली जाते; काही मापनांत ती याहूनही थोडी अधिक येते. कोयनानगरातील बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. सुमारे १८० माणसे मेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. धक्का कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबई, गोवा असा दूरवर जाणवला. वीजघर थांबले आणि मुंबई-पुण्याकडची वीज गेली. जमिनीत भेगांची रांग पडलेली पुढे पाहणी करणाऱ्यांना आढळली.

त्या पहाटे पाटण, कऱ्हाडपासून खालच्या साऱ्या नदीकाठी एकच धास्ती होती : धरण राहिले का गेले? पानशेतचे धरण फुटून १२ जुलै १९६१ रोजी पुण्यात केवढा हाहाकार झाला, त्याला अवघी साडेसहा वर्षे झाली होती. पानशेतचा भूकंपाशी संबंध नव्हता. पण भिणाऱ्याला कारणाशी काय करायचे? कोयनेचे धरण उभे राहिले. मात्र त्याला तडे गेले. उंच भागांत, जिथे भिंतीचा उतार बदलतो तिथे, आडवे तडे पडले. धरण बांधताना असा हिशेब धरला होता की भूकंपाचा आडवा रेटा धरणाच्या वजनाच्या शंभरात पाच भागांइतका येईल. धरणाच्या पोटातील यंत्राने प्रत्यक्षात जो हिसका नोंदवला, तो शंभरात ६३ भागांचा होता. एवढे होऊनही भिंत पाणी धरून राहिली. पुढे तडे बुजवले गेले, मागून टेकू देऊन भिंत जाड केली गेली आणि हे बळकटीकरणाचे काम टप्प्याटप्प्याने एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू राहिले. देशाचा भूकंपाचा नकाशाही १९७० साली बदलावा लागला. ज्या दख्खनला निर्धास्त मानले होते, त्यातील कोयनेचा परिसर वरच्या धोक्याच्या विभागात घातला गेला.

मग वाद सुरू झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. एक पक्ष म्हणाला, पाणी भरले आणि धक्के सुरू झाले, यापरते दुसरे प्रमाण कशाला? दुसरा पक्ष म्हणाला, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याला दोष देता येत नाही. धरणापूर्वी इथे यंत्रेच नव्हती. धक्के आधी बसतच नव्हते कशावरून? आणि सगळ्यांत अवघड शंका अशी, की एवढासा पाण्याचा भार त्या अवाढव्य खडकाला हलवणार तरी कसा?

ही शंका आपण आकड्यांनी तपासून पाहू. शिवाजीसागरात त्या काळी सुमारे २८० कोटी घनमीटर पाणी मावे. एक घनमीटर पाणी एक टन. म्हणजे २८० कोटी टन. ऐकताना छाती दडपते. परंतु हे वजन पसरलेले असते. ८० मीटर खोल पाण्याखालच्या जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे आठ किलो दाब पडतो. आता पाच किलोमीटर खोल जा. तिथे वरच्या खडकाचाच दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे तेराशे किलो असतो. तेराशेच्या समोर आठ! म्हणजे पाण्याच्या नुसत्या भाराने खडक मोडला, असे म्हणणे म्हणजे मुंगीने हत्ती लोळवला म्हणण्यासारखेच.

मग घडते काय? कसबा बावड्याला राजाराम कारखान्याच्या वाटेवर उसाने भरलेली बैलगाडी उतारावर उभी आहे असे समजा. बैल सोडलेले आहेत आणि चाकाला एक धोंडा लावलेला आहे. एका पोराने येऊन पायाने तो धोंडा सरकवला. गाडी सुटली, खाली जाऊन भिंतीवर आदळली, भिंत पडली. भिंत पाडणारे बळ पोराचे होते काय? नाही. ते दोन टन उसाचे आणि उताराचे होते. पण पोराने धोंडा सरकवला नसता, तर गाडी त्या घटकेला सुटली नसती, हेही तितकेच खरे. भूकंपाचे बळ म्हणजे खडकात युगानुयुगे साठलेला ताण. भारताचा सारा भूभाग उत्तरेकडे रेटला जातो आहे. हिमालय त्यातूनच उठला. तो रेटा दख्खनच्या पोटातल्या जुन्या भेगांवरही पडतो. धरण तो ताण निर्माण करीत नाही. धरण धोंडा सरकवते.

आणि हा धोंडा मुख्यत्वे पाण्याच्या वजनाने सरकत नाही, तो पाण्याच्या शिरकावाने सरकतो. घरी एक गोष्ट करून पाहा, शाळेतही करता येईल. स्टीलचे ताट ओले करून त्यात गरम आमटीची वाटी ठेवा. पुष्कळदा वाटी आपली आपण सरकू लागते. कोणी ढकलत नाही, वाटीचे वजनही बदललेले नसते. बुडाखाली अडकलेली हवा तापून फुगते, ती पाण्याच्या पापुद्र्यातून बाहेर न जाता वाटीला किंचित उचलून धरते, आणि ताटाची पकड सुटते. खडकाच्या भेगांतही तसेच आहे. भेगेच्या दोन्ही बाजू वरच्या भाराने एकमेकींना घट्ट दाबून धरलेल्या असतात. ही पकड आहे तोवर ताण असूनही काही हलत नाही. तळे भरले की भेगांमधल्या पाण्याचा दाब हळूहळू खोलवर वाढत जातो. तो दोन्ही बाजूंना थोडेसे दूर सारतो, पकड सैल होते, आणि जी भेग आधीच सुटण्याच्या बेताला आली आहे ती सुटते. दाब खोल पोचायला वेळ लागतो. म्हणून तळे भरते ऑगस्टमध्ये आणि धक्के वाढतात सप्टेंबरपासून पुढे हिवाळ्यापर्यंत.

ही केवळ कल्पना नव्हे, याला अगदी वेगळ्या ठिकाणची साक्ष मिळाली. अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ एका लष्करी कारखान्याने साडेतीन किलोमीटरांहून खोल विहीर खणून १९६२ पासून तिच्यात निरुपयोगी रसायनद्रव ढकलायला सुरुवात केली. जिथे भूकंप माहीत नव्हते तिथे ते होऊ लागले. तिथे ना धरण होते ना तळे. भार नव्हताच, होता तो फक्त खोलवर शिरलेल्या द्रवाचा दाब.

धरणांची उदाहरणेही कोयनेपूर्वीपासून होती. अमेरिकेतील हूव्हर धरणाचे मीड सरोवर १९३५ पासून भरू लागले आणि पाठोपाठ तिथे धक्के सुरू झाले. १९४५ साली त्यावर लेख प्रसिद्ध झाला. चीनमध्ये शिनफेंगज्यांग येथे १९६२ साली, आफ्रिकेत करिबा येथे १९६३ साली, ग्रीसमध्ये क्रेमास्ता येथे १९६६ साली नव्या तळ्यांजवळ सहापेक्षा अधिक तीव्रतेचे भूकंप झाले. कोयना त्यांच्या रांगेत शेवटी आली. पण मोठी ठरली तीच. धरणाच्या पाण्याशी निःसंशय जोडलेल्या भूकंपांत १९६७ चा कोयनेचा भूकंप जगातला सर्वांत मोठा मानला जातो.

कोयनेचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. इतर ठिकाणी धक्के काही वर्षांनी विरत गेले. इथे साठ वर्षे होत आली तरी थांबलेले नाहीत. त्यामुळे वाद मिटवायला लागणारा पुरावा कोयनेनेच पुरवला. हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आदी शास्त्रज्ञांनी पाण्याच्या पातळीची वही आणि धक्क्यांची वही शेजारी-शेजारी ठेवून वर्षानुवर्षे ताळा घेतला. त्यांना तीन गोष्टी महत्त्वाच्या दिसल्या : पाणी किती वेगाने चढले, पूर्वीच्या उच्चांकापेक्षा वर गेले काय, आणि वरच्या पातळीला किती दिवस राहिले. एका आठवड्यात पातळी १२ मीटरांहून, म्हणजे सुमारे ४० फुटांहून अधिक चढली, तर पाचपेक्षा मोठ्या धक्क्याची शक्यता वाढते, असे त्यांनी दाखवले. अशा प्रत्येक चढणीला मोठा धक्का बसलाच, असे मात्र नाही. १९७३ साली आणि १९८० साली पाचपेक्षा मोठे धक्के पुन्हा बसले.

त्यानंतर जणू मुद्दाम केलेला प्रयोग असावा अशी गोष्ट घडली. कोयनेच्या दक्षिणेला, आपल्या जिल्ह्याच्या शिवेवर, चांदोली येथे ८० मीटर उंचीचे वारणेचे धरण झाले आणि १९८५ पासून त्यात पाणी साठू लागले. पुढे १९९३ च्या सुमारास धक्क्यांची गर्दी दक्षिणेकडे वारणेच्या खोऱ्यात सरकली आणि त्या वर्षी तिथेही पाचाच्या वरचे धक्के बसले. पाणी जिथे गेले तिथे धक्के गेले! आजवर पाचपेक्षा मोठे वीसहून अधिक आणि चारपेक्षा मोठे सुमारे दोनशे धक्के या मुलखात नोंदले गेले आहेत. आणि ते जवळजवळ सगळे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद एवढ्याशा पट्ट्यात. शेजारच्या मुलखात शांतता. म्हणून देशाने इथे जमिनीच्या पोटात डोकवायचे ठरवले. कऱ्हाडला त्यासाठी भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा झाली. विंधून पाहिले तेव्हा काळा पत्थर रासाटीजवळ सुमारे ९३० मीटरच भरला. त्याखाली त्याच्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. धक्के उगम पावतात ते या जुन्या खडकात. २०१७ साली गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधणविहीर पुरी झाली. आपण ज्याला बुड समजत होतो, तो वरचा गिलावा होता!

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. महाराष्ट्रात मोठी धरणे हजाराहून अधिक आहेत. देशात कुठल्याच राज्यात इतकी नाहीत. त्यांतल्या किती धरणांजवळ जमीन हलली? ठाणे जिल्ह्यात भातसा धरणाजवळ १९८३ साली धक्क्यांची मालिका झाली. अशी नावे बोटांवर मोजण्याएवढीच निघतात. आपल्या राधानगरीशी असा इतिहास जोडला गेलेला नाही. पंजाब-हिमाचलच्या सीमेवरचे भाक्रा कोयनेपेक्षा उंच, तरी तिथे कोयनेसारखे घडले नाही. कारण उघड आहे : गाडी उतारावर उभीच नसेल, तर धोंडा काढून काय होणार? खाली भेग हवी, भेगेवर ताण हवा, तो ताण सुटण्याच्या बेताला आलेला हवा, आणि पाण्याला तिथवर वाट हवी. या चारी गोष्टी जुळून येणे विरळा. म्हणून ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला जो भीषण भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली, त्याचाही दोष काहींनी जवळच्या तेरणेच्या तळ्याला दिला, तरी कोयनेसारखा पुरावा तिथे उभा राहिला नाही. प्रत्येक भूकंपामागे धरण शोधणे हेही शेषाच्या फण्यासारखेच होईल.

मंडळी, हे सारे जाणून करायचे काय? धरणे पाडायची नाहीत आणि भीतही बसायचे नाही. इंजिनिअरांनी करायचे ते असे : नवे धरण आखताना भेगा तपासायच्या, पाणी भरण्यापूर्वीपासून यंत्रे बसवायची, पहिल्या वर्षांत तळे सावकाश भरायचे आणि पातळीच्या चढउतारावर नजर ठेवायची. पण आपणही करण्यासारखे पुष्कळ आहे. १९६७ साली कोयनेला माणसे मारली ती भूकंपाने नव्हे, घरांनी. किल्लारीलाही तेच झाले. मातीत रचलेली जाड दगडी भिंत वरून भक्कम दिसते. पण तिचे आतले आणि बाहेरचे अंग निराळे असते, मध्ये कपच्या भरलेल्या असतात. हिसका बसला की दोन अंगे फाकतात आणि छप्पर खाली येते. पाटण, शिराळा, शाहूवाडी या भागात जो कोणी घर बांधील, त्याने गवंड्याला तीन गोष्टी सांगाव्यात. भिंतीच्या आरपार जाणारे दगड ठराविक अंतरावर घालायचे. जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली असा सळईचा काँक्रीटचा पट्टा घराभोवती अखंड फिरवायचा. आणि वरचे छप्पर हलके ठेवायचे. लग्नात एका जेवणावळीला जेवढा खर्च होतो, त्याहून यास फार लागत नाही.

शिक्षकांनी आणखी एक करावे. धक्का बसला की पहिल्या तासात अफवा पसरते, "धरण फुटलं!" वर्गातल्या मुलांना कोयनेचा हा इतिहास नीट माहीत असेल, तर ती घरी जाऊन सांगतील की ते धरण ११ डिसेंबर १९६७ चा हिसका खाऊन उभे राहिले आहे आणि त्यानंतर ते अधिक बळकट केलेले आहे. धक्का बसताच भिंतीपासून दूर मोकळ्यावर यावे किंवा भक्कम मेजाखाली बसावे, आणि घरात परतण्यापूर्वी भिंतीला तडा गेला आहे काय ते पाहावे, हेही त्यांना करून दाखवावे. पुढच्या पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याचे फूट मोजताना कोयना-वारणेची पातळी आणि धक्क्यांच्या तारखा शाळेच्या फळ्यावर शेजारी-शेजारी लिहीत गेले, तर शास्त्रज्ञांनी जो ताळा घेतला तोच आपल्या गावची मुले स्वतः घेतील.